गीत की नृत्य? : आपल्या गाण्या-नाचण्याची आपली वर्गवारी

गेल्या दिवाळीनंतर देवस्थान समितीने आमच्याकडे एक काम सोपविले. गावात परंपरेने चालत आलेली गाणी आणि नाच यांची यादी करावयाची, ती माघातील जत्रेच्या स्मरणिकेत छापावयाची आणि त्यांतील निवडक प्रकार जत्रेच्या दुसऱ्या रात्री रंगमंचावर सादर करावयाचे, असा ठराव झाला होता. आमचे तीर्थरूप देवाच्या पूजेअर्चेत असल्यामुळे गावात घरोघरी आमचे जाणे-येणे आहे आणि आमचे अक्षर बरे आहे, एवढीच काय ती आमची पात्रता. आम्ही मोठ्या उत्साहाने एक वही घेतली, तीत गीत, नृत्य आणि नाट्य असे तीन रकाने आखले आणि लिहावयास बसलो.

पहिल्याच नोंदीपाशी लेखणी अडली. धालो कोणत्या रकान्यात घालावयाचा? गाण्यावाचून धालो होत नाही. पण बायका एका जागी उभ्या राहून तीच गाणी गाऊ लागल्या, तर त्याला कोणी धालो म्हणत नाही. वाड्यावरील एका वृद्ध आजींकडे आम्ही गेलो. त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या. "आजी, धालो हे गाणे की नाच, तेवढे सांगा," असे आम्ही विचारले. आजींनी सूप खाली ठेवले, आमच्या वहीकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "धालो पौषातला, बाबा. मांडावरचा. बायकांचा. आणखी काय हवे तुला?"

त्या वेळी हे उत्तर आम्हास उडवाउडवीचे वाटले. पुढे घरोघरी हिंडल्यावर आणि थोडेफार वाचल्यावर ध्यानात आले की, आजींचे उत्तर पूर्ण होते; चूक आमच्या रकान्यांची होती. ती चूक कशी होती आणि तिच्यातून काय शिकावयाचे, हे सभासद कुटुंबांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

शास्त्राचे वर्गीकरण

आम्ही आखलेले रकाने अगदीच निराधार होते असे नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने राहिलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. गीत, वाद्य आणि नृत्त या तिहींना मिळून संगीत म्हणावे, असे त्यात सांगितले आहे. तसेच 'मार्ग' आणि 'देशी' असा भेदही शास्त्रकार करतात. जे नियमबद्ध आणि देवादिकांनी प्रवर्तित केलेले ते मार्ग. जे त्या त्या देशातील लोकांच्या रुचीप्रमाणे चालते ते देशी. ही विभागणी सूक्ष्म आहे. परंतु तिची दृष्टी मुख्यतः रूपाकडे आहे. गळ्याने केले ते गीत, हाताने वाजविले ते वाद्य, अंगाने केले ते नृत्त.

आपल्या समाजाची दृष्टी निराळी आहे. आपले लोक रूपाविषयी शेवटी विचारतात. त्याआधी चार प्रश्न विचारतात: कोठे? केव्हा? कोणी? आणि कशासाठी? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या प्रकाराची जात ठरते. मौज अशी की, शास्त्रग्रंथांनाही ही दृष्टी सर्वस्वी अपरिचित नव्हती. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ओवीचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ती गातात, असे राजाने नमूद केले आहे. म्हणजे गाणारे कोण आणि गाताना काम कोणते, हे सांगूनच ओवीची ओळख करून दिली. आठशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ओवीची त्याहून चांगली ओळख आम्हास सापडली नाही.

आता हे चार प्रश्न क्रमाने पाहू.

१. कोठे? : मांड

आपल्या गोमंतकात मांड या शब्दाला जे वजन आहे, ते परक्यास चटकन कळणार नाही. मांड म्हणजे नुसते अंगण नव्हे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरविलेली, पवित्र मानलेली ती मोकळी जागा. धालोचा मांड, शिगम्याचा मांड अशी तिची कार्ये ठरलेली असतात. एरवी तीवरून गुरे जातात, मुले खेळतात. पण नेमलेल्या रात्री जमीन सारवून, दिवा लावून, देवतांना आवाहन केले की तीच जागा देवळाच्या तोलाची होते.

धालोत स्त्रिया समोरासमोर दोन ओळी करतात, एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफतात, वाकत वाकत पुढे येतात आणि मागे सरतात. आरंभी धरित्रीमातेला आणि गावच्या देवतांना हाक घातली जाते. पाच, सात किंवा नऊ रात्री, जशी ज्या गावाची रीत, हा खेळ चालतो. शेवटच्या रात्री सोंगे निघतात, थट्टामस्करी होते आणि मग मांड विधिपूर्वक मोडला जातो. हे सर्व मांडाबाहेर करता येईल काय, असा प्रश्नच जुन्या बायकांच्या मनात येत नाही.

स्थानाचे हे महत्त्व समजून घ्यावयाचे असेल, तर सांगे तालुक्यातील कुर्डी गाव आठवावा. साळावली धरणाच्या जलाशयामुळे १९८० च्या दशकात हा गाव पाण्याखाली गेला आणि लोक दुसरीकडे वसले. पण उन्हाळ्यात पाणी ओसरून गावाची जमीन उघडी पडते, तेव्हा मे महिन्यात जुने गावकरी तेथे परत जातात आणि श्री सोमेश्वराच्या जागी उत्सव करतात. त्यांना नव्या वसाहतीत उत्सव करता आला नसता असे नाही. पण ती जागा ती नव्हे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावाने हाच गाव साऱ्या हिंदुस्थानात पोचला, हेही येथे सांगावेसे वाटते.

२. केव्हा? : काल

दुसरा प्रश्न कालाचा. धालो पौषातला, चांदण्या रात्रीचा, भात घरात आल्यानंतरचा. शिगमो फाल्गुनातला. फुगडी श्रावण-भाद्रपदातली, विशेषेकरून गौरी-गणपतीची. फुगडीवाचून चतुर्थी सुनी वाटते. पण फाल्गुनात कोणी शिगम्याच्या मांडावर फुगडी घालू लागले, तर वडीलधारी माणसे भुवया उंचावतील. पंचांगातील तिथी जशी व्रताला, तशी ऋतूची वेळ गाण्याला.

गोमंतकाबाहेरील आपल्या बांधवांतही हीच रीत आहे. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती मुली फेर धरतात तो भोंडला. श्रावणातील मंगळवारी नववधू रात्र जागवितात ती मंगळागौर. फेर दोहींकडे आहे, गाणीही आहेत. तथापि एकीला दुसरीचे नाव कोणी देत नाही, कारण महिना निराळा आणि देवता निराळी.

शिगम्याच्या पोटात तर कालाचे आणखी बारीक भाग आहेत. प्रथम मांडावर नमन. त्यात नाच नाही. वाद्यांच्या संथ ठेक्यावर उभे राहून देवतांचे स्मरण करावयाचे. त्यानंतर जती, तालगडी, गोफ, तोणयामेळ असे प्रकार येतात. मेळ घरोघरी हिंडतो, ढोल-ताशे घुमतात, रोमट निघते. डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत कमरेला लाकडी घोडे बांधून घोडेमोडणी होते. या सर्वांचा क्रम ठरलेला असतो. आमच्या वहीत नमन गीताच्या रकान्यात आणि गोफ नृत्याच्या रकान्यात गेला होता. आमच्या हिशेबी ती दोन भिन्न गोष्टी होत्या. लोकांच्या लेखी तो एकच शिगमो, आरंभापासून समाप्तीपर्यंत. नमनावाचून गोफ म्हणजे संकल्पावाचून पूजा.

३. कोणी? : अधिकार

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि तो नाजूक आहे. धालो आणि फुगडी स्त्रियांची, शिगम्याचा मांड पुरुषांचा, ही सरळ विभागणी सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्याखाली जातीजमातींची विभागणीही आहे. लाकडी मुखवटे चढवून होणारा पेरणी जागर पेरणी समाजाचा. गावडा जागर गावडा समाजाचा. देवळातील गायन-नर्तनाची सेवा कलावंत घराण्यांकडे असे.

या वाटणीतून प्रत्येकाची कला जपली गेली, हे खरे. ज्याचे त्याला ठाऊक असल्यामुळे शिकविण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी संशय राहिला नाही. परंतु येथे डोळेझाक करून चालणार नाही. ज्यांच्याकडून सेवा घेतली, त्यांना तिच्या बरोबरीचा मान समाजाने दिला असे म्हणवत नाही. कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी देवापुढे गावे, मात्र त्यांच्या घराला प्रतिष्ठा नसावी, हा न्याय नव्हता. केसरबाई केरकर आणि मोगूबाई यांच्यासारख्या विदुषींनी हिंदुस्थानी संगीतात आपले स्थान निर्माण केले, तेव्हा जगाने त्यांना जो मान दिला, तो गावाने आधी द्यावयास हवा होता. वर्गवारी गाण्यांची असावी; तिने माणसांना खाली-वर बसवू नये, एवढे आपण तिच्यातून वगळले पाहिजे.

अधिकाराचा अर्थ व्यापक होऊ शकतो, याचे उदाहरणही आपल्याच भूमीत आहे. बार्देशातील शिवोली येथे नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी जो जागर होतो, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरे सहभागी असतात. धर्म बदलला, तरी जागराचे नाते तुटले नाही.

४. कशासाठी? : हेतू

चौथा प्रश्न हेतूचा. आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा, कारण पुष्कळ नावे यातूनच आलेली आहेत. जागर हे कोणत्याही नृत्याचे वा नाट्याचे नाव नव्हे. रात्र जागविणे हे ते कर्म आहे. म्हणूनच पेरणी जागर, गावडा जागर आणि देवीचा जागर रूपाने एकमेकांहून किती भिन्न! तरीही नाव एक, कारण हेतू एक. दशावताराला आपल्याकडे आणि शेजारच्या सिंधुदुर्गात दहिकाला म्हणतात; पहाटे दहीहंडी फुटते, प्रसाद वाटला जातो आणि मगच रात्रीच्या सोंगांचे सार्थक होते. नाव पडले ते त्या प्रसादावरून.

घागर फुंकण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. आश्विन शुद्ध अष्टमीला महालक्ष्मीपुढे स्त्रिया घागरीत फुंकर घालीत नाचतात. घागर वाद्य आहे काय? ती तर पाणी भरण्याची. फुंकर गीत आहे काय? शब्द तर एकही नाही. त्याला नृत्य म्हणावे, तर ज्या बाईच्या अंगात येते, ती आपण नाचलो असे कधी म्हणणार नाही. आमच्या तिन्ही रकान्यांनी येथे हात टेकले. मात्र घरातील कोणतीही लेकुरवाळी क्षणात सांगेल, "ते महालक्ष्मीचे व्रत आहे."

गाणे हे नुसते गाणे नसते, हे आपल्या परंपरेच्या विरोधकांनाही कळले होते. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली जो हुकूम काढला, त्यात ख्रिस्ती झालेल्या घरांवर अनेक बंधने घातली. लग्नप्रसंगीच्या ओव्यांनाही मनाई केली. सुरावर त्यांचा राग असण्याचे कारण नव्हते. ओवी म्हटली की जुने घर, जुने नाते आणि जुना देव मनात जागा होतो, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांनी ओवी बंद केली, त्यांनीही तिची जात प्रसंगावरूनच ठरविली.

रंगमंचाचा प्रश्न

आता मूळ कामाकडे येतो. यादी करता करता पौष आला आणि गेला. माघातील कार्यक्रमासाठी समितीने वाड्यावरील स्त्रियांना धालो सादर करण्याची विनंती केली. आजींनी साफ नकार दिला. समितीत थोडी नाराजी झाली. "म्हातारी हट्टी आहे," असे एक-दोघे म्हणाले आणि, खोटे कशाला बोलावे, आम्हासही तसेच वाटले. तरुण मुली तयार होत्या, साड्याही ठरल्या होत्या. आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मांड मोडला, बाबा. आता देवतांना हाक घातली आणि त्या आल्या, तर त्यांना निरोप कोण देणार? तुझा पडदा?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन आम्ही वही पुन्हा उघडली, जुने रकाने खोडले आणि स्थान, काल, अधिकार व हेतू असे चार नवे आखले. सर्व नोंदी नव्याने भरल्यावर एक गोष्ट आपोआप स्पष्ट झाली. आपल्या परंपरेतच काही प्रकार स्थिर आहेत आणि काही फिरते. धालो स्थिर आहे. तो मांडावर सुरू होतो आणि मांडावरच संपतो. गावडा जागरही मांडाला बांधलेला. शिगम्याचा मेळ मात्र फिरता आहे. मांडावर नमन करून तो दारोदारी, देवळोदेवळी जातो आणि अखेर मांडावर परत येतो. फुगडी अंगणात, ओसरीवर, देवळाच्या चौकात कोठेही चालते.

म्हणजे रंगमंचावर काय न्यावे आणि काय नेऊ नये, हा नवा प्रश्न आहे असे आपण समजत होतो. त्याचे उत्तर जुन्या वर्गवारीतच होते. जे मुळातच दारोदारी जात आले, त्याला रंगमंच हे आणखी एक दार. जे एका जागेला बांधलेले आहे, ते पाहावयाचे असेल, तर पाहणाऱ्याने तेथे जावे.

समितीपुढे आम्ही हे मांडले. बराच ऊहापोह झाला. काही सभासदांचे म्हणणे असे पडले की, शहरांतून शिगम्याच्या मिरवणुका निघतात, स्पर्धा भरतात, अनेक ठिकाणी धालोही व्यासपीठावर येतो आणि त्यामुळेच तरुण पिढीला ही नावे तरी ठाऊक राहतात. यात तथ्य आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. शेवटी असे ठरले की, जत्रेला गोफ आणि फुगडी सादर करावी, त्यांच्या आरंभी नमन व्हावे आणि धालो मांडावरच ठेवावा. त्याप्रमाणे झाले. गोफ ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल की, वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्यांची वेणी नाचता नाचता घातली जाते आणि मग उलट पावले टाकून ती उकलावीही लागते. बांधले ते सोडावे लागते, हा नियम त्या नाचातच आहे. आजी मांडाविषयी सांगत होत्या ते याहून निराळे नव्हते.

आता करावयाचे ते

वाचकहो, येथवर सर्व ठीक झाले असे वाटेल. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. या पौषात पहिल्या रात्री आम्ही दूर ओसरीवर बसून मांडावरचा धालो ऐकला. एक ओळ भरली होती. समोरची ओळ अर्धीच होती. शेवटच्या रात्रीच्या गाण्यांचा पूर्ण क्रम आज वाड्यावर दोघींनाच येतो आणि त्यांतील एक त्या आजी आहेत. धालो रंगमंचावर गेला नाही, याचा अभिमान आपण धरू. परंतु मांडही रिकामा पडला, तर आपण त्याचे रक्षण केले असे होणार नाही. आपण फक्त दार लावून घेतले असे होईल.

म्हणून प्रत्येक सभासद कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.

पहिली: घरातील वडील माणसांना जी गाणी, जे खेळ ठाऊक आहेत, त्यांची नोंद करावी. नोंद करताना नुसते शब्द लिहू नयेत. प्रत्येक गाण्यापुढे चार उत्तरे लिहावीत: ते कोठे म्हणतात, कोणत्या महिन्यात व कितव्या रात्री, कोण म्हणते आणि कशासाठी. त्याच्या आधी कोणते आणि नंतर कोणते, तेही लिहावे. क्रम गेला, तर शब्द असूनही ते कोठे म्हणावयाचे हे पुढच्यांना कळणार नाही.

दुसरी: कोकणी असो, मराठी असो वा दोहोंची सरमिसळ असो, म्हणणाऱ्याच्या तोंडी शब्द जसा असेल तसा लिहावा. आपल्या शिकलेपणाने तो 'शुद्ध' करू नये. आम्ही प्रथम तसे केले आणि ताल मोडला.

तिसरी: येत्या पौषात प्रत्येक घरातून एक तरी लेक किंवा सून पहिल्या रात्रीपासून मांडावर जावी. पहिल्या वर्षी तिने नुसते ओळीत उभे राहावे, पाऊल शिकावे. गाणी मागाहून येतात.

आमची वही आता बरीच भरली आहे आणि ती देवस्थानच्या कचेरीत कोणासही पाहता येईल. ज्यांना चूक आढळेल, त्यांनी ती अवश्य दुरुस्त करावी. मात्र धालोपुढचा एक रकाना आम्ही मुद्दाम आजींच्याच शब्दांनी भरला आहे: पौषातला, मांडावरचा, बायकांचा. त्या बायका आपल्या घरांतून जावयाच्या आहेत.